हॅवलॉकचे ४६ डाइव्ह झालेत, पुढच्या महिन्यात स्कापा फ्लोला जाऊ का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी मला तो कसा समजला ते सांगतो, काही चुकलं असेल तर सांगा. तुम्ही पुण्याचे, गेल्या वर्षापासून ग्लासगोत नोकरीला. खात्यावर ४६ डाइव्ह, त्यातले बहुतेक अंदमानातल्या हॅवलॉकला, थोडे नेत्राणीला, दोन गोव्यात ग्रँड आयलंडला, डाइव्हिंगचं कार्ड (प्रमाणपत्र) ॲडव्हान्स्ड ओपन वॉटरचं. ऑफिसातल्या एकाच्या ग्रुपची बोट जूनमध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांना, स्कापा फ्लोमधल्या बुडालेल्या जहाजांवर डाइव्ह करायला चालली आहे, एक जण गळाला म्हणून जागा रिकामी आहे, आणि तुम्ही विचारताय की ७ मिमीचा वेटसूट आणि हुड पुरेल का, जहाजाच्या आत जाता येतं का, आणि बोटीवर शाकाहारी जेवण मिळतं का.

उत्तरं देऊन टाकतो: वेटसूट नाही, आत नाही, शाकाहारी हो.

पण एवढं सांगून गप्प बसलो तर तुम्ही कुठूनतरी भाड्याने ड्रायसूट (आत पाणी शिरू न देणारा सूट) आणाल आणि बोटीवर चढाल, आणि मला नेमकी त्याचीच धास्ती आहे. कारण प्रश्न सूटचा नाहीच. गरम, स्वच्छ पाण्यात तुमच्या हातांना जे आपोआप येतं त्यातलं थंड, अंधाऱ्या पाण्यात ३० मीटरवर किती उरतं, हा खरा प्रश्न आहे. माझ्या अनुभवात पहिल्या वर्षी निम्मंही उरत नाही. मी मूळचा रत्नागिरीचा, समुद्राची भीती कधी नव्हती, अंदमानात सत्तरेक डाइव्ह करून इंग्लंडला आलो आणि इथल्या खाणीतल्या तळ्यात पहिल्याच दिवशी नवशिक्यासारखा गडबडलो. आता लँकशायरमध्ये तेरा वर्षं झाली, क्लबमध्ये शिकवतो, स्कापाला सहा वेळा जाऊन आलोय. तेव्हा हे शहाणपण उशिरा सुचलेलं आहे असं समजून वाचा.

काही गोष्टी मी इथे बसून ठरवू शकत नाही हेही आधीच सांगतो. तो ग्रुप कसा आहे, स्किपर (बोटीचा कप्तान) कोणत्या रेकवर, म्हणजे बुडालेल्या जहाजावर, नेणार आहे, तुमचा बडी (पाण्यातला जोडीदार) कोण, तुमची तब्येत कशी, यावर बरंच अवलंबून आहे. स्कापात सगळंच खोल नाही. चर्चिल बॅरियर्स नावाच्या बांधांच्या कडेला, वाट अडवायला मुद्दाम बुडवलेली ब्लॉकशिप्स इतकी उथळ आहेत की तिथे नवखेही मजेत फिरतात, आणि एफ२ नावाची दुसऱ्या महायुद्धातली जर्मन एस्कॉर्ट बोट जेमतेम १८ मीटरवर आहे. पण जून महिन्यात सहा दिवसांची बोट घेऊन जाणारा ग्रुप सहसा तेवढ्यासाठी जात नाही, तो मोठ्या जहाजांसाठी जातो, आणि तुम्हीही त्यासाठीच जाल.

ही मोठी जहाजं तिथे कशी आली ते थोडं सांगतो, कारण ती आज ज्या अवस्थेत पडली आहेत त्यावरच डाइव्ह कसा होतो ते ठरतं. १९१८ च्या नोव्हेंबरात युद्ध थांबलं तेव्हा जर्मनीच्या आरमारातली ७४ जहाजं इथे आणून नजरकैदेत ठेवली. जर्मन खलाशी जहाजांवरच, बाहेर ब्रिटिश पहारा. तह होतो की नाही याचा पत्ता नाही, आणि जहाजं इंग्रजांच्या हातात जाऊ द्यायची नाहीत हे त्यांच्या ॲडमिरल रॉयटरने मनाशी पक्कं केलेलं. २१ जून १९१९ ला सकाळी ब्रिटिश ताफा सरावासाठी बाहेर पडला आणि याने इशारा दिला, आतल्या लोकांनी पाण्याचे व्हॉल्व्ह आणि दारं उघडली, दुपारी सव्वाबाराच्या सुमारास पहिलं जहाज कलंडलं आणि संध्याकाळी पाचपर्यंत सगळं आटोपलं. ७४ पैकी ५२ तळाला. स्ट्रॉमनेसच्या शाळेची पोरं त्याच दिवशी बोटीने सहलीला आली होती, त्यांनी हा सगळा प्रकार डोळ्यांनी पाहिला. नंतर अर्नेस्ट कॉक्स नावाच्या भंगारवाल्याने, ज्याने आयुष्यात कधी जहाज वर काढलं नव्हतं, १९२४ पासून एकेक करून बरीचशी उचलली. आज मुख्य सात उरलीत: कोनिग, मार्कग्राफ, क्रोनप्रिन्झ विल्हेल्म या तीन युद्धनौका, आणि कोल्न, ड्रेस्डेन, ब्रुमर, कार्ल्सरुह या चार क्रूझर. (यातली चार २०१९ मध्ये ईबेवर विकायला आली होती आणि विकलीही गेली, म्हणजे पाण्याखालच्या जहाजाचा मालक होता येतं, फक्त त्याला हात लावता येत नाही कारण ती संरक्षित स्मारकं आहेत. आपल्याकडच्या सातबाऱ्याची आठवण येते.)

आता यातलं कामाचं. युद्धनौकांचं सगळं वजन वर, तोफांच्या बुरुजांत, त्यामुळे बुडताना त्या पूर्ण उलट्या झाल्या. म्हणजे तुम्ही खाली जाता तेव्हा जहाज दिसतच नाही, दिसतो तो पालथ्या घातलेल्या परातीसारखा तळ, दोन्ही बाजूंना पसरत गेलेला. तोफा बघायच्या तर कडेने खाली उतरून जहाजाच्या आणि चिखलाच्या मधल्या अंधारात डोकावायचं. मार्कग्राफखालचा समुद्रतळ ४५ मीटरवर आहे, तुमच्या कार्डाची मर्यादा ३०. ते आत्ता विसरा. क्रूझर मात्र कुशीवर पडल्यात, वरची कड साधारण वीस-बावीस मीटरवर लागते आणि समुद्रतळ ३५ च्या आसपास. कार्ल्सरुह त्याहून उथळ, २५-२७ ला संपते. म्हणजे कागदावर बघितलं तर तुम्ही क्रूझरच्या वरच्या बाजूने फिरून येऊ शकता, आणि तुमच्या मित्राने तेच सांगितलं असणार. खोटं नाही ते. पण कोल्न दीडशे मीटरहून लांब आहे, पाण्यात दिसतं पाच ते दहा मीटर, नशीब असेल तर पंधरा, मे-जूनमध्ये प्लँक्टन फुललं असेल तर पाणी हिरव्या सारासारखं. कड कुठे संपली आणि आपण कधी ३४ वर पोचलो हे कळत नाही, कारण खाली जाणारी भिंत म्हणजे डेक असतो, आणि डोकं त्याला जमीन समजायला बघतं.

आता थंडी. जूनमध्ये तिथलं पाणी दहा-अकरा डिग्री असतं, सप्टेंबरात तेरा-चौदापर्यंत चढतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये सहा-सात. हॅवलॉकला आपण २९ मध्ये पोहतो आणि चाळीस मिनिटांनी ‘थंड वाजतंय’ म्हणतो. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. लोकांना वाटतं थंडी म्हणजे कुडकुडणं. कुडकुडणं फार नंतर येतं, त्याच्या आधी हात जातात, आणि हातांच्या मागोमाग डोकं, आणि डोकं गेलंय हे डोक्याला कळत नाही.

माझ्यासोबत झालेलं सांगतो. पहिलाच हिवाळा, केपनरेची खाण, फेब्रुवारी, पाणी पाच डिग्री. डाव्या ग्लोव्हला बारीक भोक होतं, मला वर असतानाच माहीत होतं, ‘अर्ध्या तासाचा तर प्रश्न’ म्हणून तसाच उतरलो. पंचवीस मिनिटांनी डीएसएमबी (आपली जागा बोटीला दिसावी म्हणून वर सोडायचा फुगा) काढायला रीलची कडी सोडवायला गेलो तर बोटं कडीवर आहेत हे दिसतंय पण कळत नाहीये. बघतोय, दाबतोय, काही होत नाही. शेवटी बडीने सोडवून दिली. एवढ्यात मी तीन वेळा मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवतो तो) बघितला आणि तीनही वेळा आकडा वाचून विसरलो. १४ मीटर होतं, काही बिघडलं नाही, वर येऊन सूप प्यायलो. पण हेच ३२ मीटरवर, नायट्रोजनची नशा चढलेली, हवा कमी आणि अंधार असं असतं तर काय, हा विचार मी त्या रात्री फार केला. तेव्हापासून माझा नियम आहे की डाइव्ह किती वेळ करायचा हे कॉम्प्युटर नाही, माझी करंगळी ठरवते. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून बघायची, जमलं नाही की निघायचं, त्यात चर्चा नाही.

वेटसूटबद्दल मी नाही म्हटलं त्याचं कारण यातच आहे. ७ मिमीचं निओप्रीन पृष्ठभागावर ७ मिमी असतं. त्यातल्या बुडबुड्यांमुळे ऊब मिळते, आणि ३० मीटरवर दाब चौपट झाला की ते बुडबुडे दबून सूट निम्म्याहून पातळ होतो. म्हणजे पाणी जिथे सगळ्यात थंड तिथेच अंगावरचं पांघरूण कोणीतरी ओढून घेतल्यासारखं. वर परत आल्यावर ओल्या सूटमध्ये ऑर्कनीचा वारा, दोन तासांनी तोच ओला सूट परत चढवायचा, असे दिवसाला दोन डाइव्ह, सहा दिवस. इथे काही जुनी खोडं सेमीड्राय (कमी पाणी शिरणारा जाड वेटसूट) घालून उन्हाळ्यात उतरतात हे खरं, पण त्यांच्या अंगावर आयुष्यभराची उत्तरेची चरबी आहे आणि आपण वरणभातावर वाढलोय.

आणखी एक बाब, जी मला फार उशिरा कळली. खाली ऊब असताना शरीर भरपूर नायट्रोजन शोषतं आणि वर येताना गारठलं की तो बाहेर पडायला वेळ लागतो. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगांत हेच दिसलं की तळाशी गरम आणि थांब्यांवर गार, हे डीकम्प्रेशन आजारासाठी (नायट्रोजनचे अंगात बुडबुडे होतात त्यासाठी) वाईट कॉम्बिनेशन. त्यामुळे कॉम्प्युटरने परवानगी दिली तरी मी शेवटच्या थांब्यावर गारठून पोचेन इतका वेळ खाली राहत नाही.

म्हणून ड्रायसूट. पण ड्रायसूट म्हणजे जाड वेटसूट नव्हे, ते वेगळं वाहन आहे. सायकल येते म्हणून ट्रॅक्टर येत नाही. आत हवा असते आणि ती हवा तुमच्याआधी हलते. डोकं खाली गेलं की हवा पायात जाते, पाय फुग्यासारखे वर, आणि मग तुम्ही उलटे टांगलेल्या वटवाघळासारखे पृष्ठभागाकडे निघता, खांद्यावरचा डंप व्हॉल्व्ह खाली राहिल्यामुळे हवा सोडताही येत नाही. गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारून सरळ व्हायचं, हे वाचून येत नाही, पाच-सहा वेळा स्वतःवर ओढवून घेतल्याशिवाय अंगात मुरत नाही. वजनाचंही तेच. हॅवलॉकला तीन-चार किलो लावत असाल, इथे थर्मल, ड्रायसूट, खारं पाणी मिळून बारा-तेरा किलो सहज. पहिल्या पाच-सहा डाइव्हमध्ये तुमचं सगळं लक्ष हवेच्या या गोळ्यावरच राहणार, बघायला जहाज असो की सरावाच्या तळ्यात बुडवलेली बस. तेव्हा बसच बरी.

माझं सांगणं, किमान वीस डाइव्ह ड्रायसूटमध्ये, त्यातले निदान आठ-दहा वीस मीटरच्या खाली, मगच स्कापा. तुम्ही ग्लासगोत आहात, चांगलंच आहे, लॉक लाँग ही समुद्राची खाडी तासाभरावर आहे, अंधार, गारठा, गाळ सगळं तिथे फुकट मिळतं, आणि तिथे जो शांतपणे डाइव्ह करायला शिकतो त्याला स्कापाचं पाणी उजेडाचं वाटतं. दक्षिणेकडे आलात तर केपनरे किंवा लेस्टरजवळची स्टोनी कोव्ह, तिथे स्टेनगार्थ नावाची छोटी स्टीम टग मुद्दाम बुडवून ठेवली आहे, रेकवर कसं फिरायचं ते शिकायला. एखाद्या क्लबमध्ये नाव घाला. इथली क्लबपद्धत आपल्या गावाकडच्या भजनी मंडळासारखी आहे, पैसे कमी, चहा जास्त, आणि म्हातारी मंडळी तुमच्यावर मनापासून मेहनत घेतात.

आता हवेचा हिशोब, कारण माझ्या मते तुमच्या प्लॅनमधलं सगळ्यात मोठं भोक इथे आहे. तुम्ही लिहिलंय की १२ लिटरचं एक सिलिंडर तुम्हाला ‘नेहमी पुरतं’. हॅवलॉकला १५-१८ मीटरवर पुरणारच. इथे बघा. १२ लिटर, २०० बार, म्हणजे २४०० लिटर. थंडीत आणि थोड्या घाबरटपणात मिनिटाला २५ लिटर धरा, ३० मीटरवर दाब ४ बार, म्हणजे मिनिटाला १०० लिटर. ‘२४ मिनिटं मिळाली की’ असं म्हणाल. नाही मिळाली. बडीची हवा गेली आणि तुम्हा दोघांना तुमच्या एका सिलिंडरवर वर यायचं आहे असं धरा. दोघांचे ५० लिटर. खाली गोंधळ निस्तरायला दोन मिनिटं, ४०० लिटर. पाच मीटरपर्यंत यायला तीन मिनिटं, साधारण ४०० लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा, सव्वादोनशे. शेवटचा टप्पा पन्नास-साठ. झाले जवळपास ११०० लिटर, म्हणजे ९०-९५ बार. अर्धं सिलिंडर तुमचं नाहीच, ते बडीच्या नावावर आहे. खाली उतरायला दहाएक बार गेले. उरले पंचाण्णव, म्हणजे ११ मिनिटं. त्या ११ मिनिटांत तुम्ही दीडशे मीटरच्या क्रूझरचा एक कोपरा बघून परत फिरणार.

म्हणून तिथे बहुतेक लोक ट्विनसेट घेऊन येतात, दोन १२ ची सिलिंडरं जोडलेली, किंवा १५ चं एक आणि बाजूला स्वतंत्र रेग्युलेटर (तोंडात हवा देणारं यंत्र) लावलेलं पोनी, म्हणजे छोटं राखीव सिलिंडर. आणि नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजन मिसळलेल्या हवेचा) कोर्स करून घ्या, एका शनिवारचं काम आहे. ३० मीटरवर साध्या हवेने टेबलप्रमाणे २० मिनिटं डीकम्प्रेशनचे थांबे न घेता मिळतात, ३२ टक्के ऑक्सिजनच्या नायट्रॉक्सने ३०. फक्त ३२ टक्के ३३ मीटरच्या खाली न्यायचं नाही, कारण जास्त दाबाखाली ऑक्सिजनच विषारी ठरतो, आणि क्रूझरचा तळ ३५ ला आहे हे मी वर सांगितलंच. म्हणून तिथे मी २८ भरतो. मिनिटं थोडी कमी मिळतात पण चुकून कडेवरून घसरलो तर ऑक्सिजनची काळजी नको.

रेग्युलेटरचं एक सांगायचं राहिलं. तुमच्याकडे जो आहे तो अंदमानात भारी चालत असेल, पण दहा डिग्रीच्या खाली वापरायचे रेग्युलेटर वेगळे असतात, पहिल्या स्टेजला पाणी लागू नये अशी सीलबंद रचना असते. हवा मोठ्या दाबातून सुटते तेव्हा प्रचंड गार होते, आजूबाजूचं पाणीही गार असेल तर आत बर्फ धरतो, झडप उघडीच अडकते आणि हवा भसाभसा सुटायला लागते. याला फ्रीफ्लो म्हणतात. स्कापाच्या उन्हाळी पाण्यात हे कमी होतं, खाणीतल्या हिवाळी गोड्या पाण्यात जास्त, आणि तुम्ही सराव तिथेच करणार आहात. माझ्या एका बडीला १८ मीटरवर झालं होतं. श्वास घेता घेता त्याने जॅकेटमध्ये हवा भरायच्या इन्फ्लेटरचं बटण लांबवर दाबून धरलं, एकाच वेळी दोन्हीकडे हवा ओढली, झालं. १४० बार होते, वर येईपर्यंत काटा शून्याकडे झुकलेला, तो माझ्या ऑक्टोपसवर (दुसऱ्याला द्यायच्या जादा रेग्युलेटरवर) वर आला. तेव्हापासून आम्ही बटण टिचकी मारल्यासारखं, थोडं थोडं दाबतो, आणि पृष्ठभागावर गार हवेत उगाच रेग्युलेटरमधून श्वास घेत बसत नाही.

प्रत्यक्ष दिवस कसा जातो ते थोडक्यात सांगतो. बोटी बऱ्याचशा जुन्या मासेमारीच्या ट्रॉलरच्या, स्ट्रॉमनेसहून निघतात. रेकला एक दोर बांधलेला असतो, शॉट लाइन, वर बोया. बोट जवळ नेते, स्किपर ओरडला की उडी, दोर पकडायचा आणि खाली. दहा मीटरनंतर हिरवं, वीसनंतर तपकिरी, मग एकदम काहीतरी मोठं काळं खालून वर येतंय असं वाटतं आणि तुम्ही क्रूझरच्या कुशीवर असता. तो क्षण, काय सांगू, मी दर वेळी रेग्युलेटरमध्येच काहीतरी बडबडतो. १५ सेंटिमीटरची तोफ अजून तशीच रोखलेली, नळीत एखादा कॉंगर ईल, सगळीकडे ॲनिमोन आणि ब्रिटल स्टार. पण परत येताना तो दोर सापडेलच असं नाही, आणि शोधत बसायचंही नाही. डीएसएमबी सोडायचा आणि त्याच्या दोराने वर यायचं, स्किपर तो बघून तुमच्याजवळ येतो, लिफ्टवर उभं राहायचं, ती तुम्हाला डेकवर उचलते. अंदमानात हे सगळं डाइव्हमास्तर करतो. इथे प्रत्येक जोडी स्वतःची स्वतः. तेव्हा जाड ग्लोव्ह घालून, अधांतरी, मिनिटभरात डीएसएमबी सोडता येणं ही माझ्या लेखी प्रवेशपरीक्षा आहे. मी शिकवतो त्यांना पाचदा सलग गुंता न होता करून दाखवायला लावतो, आणि चौथ्या वेळी गुंता झाला तर परत एकपासून. शिव्या खातो त्याबद्दल.

आत जाण्याबद्दल. जहाजं शंभर वर्षांहून जास्त पाण्यात आहेत, पत्रे पातळ होऊन दर काही वर्षांनी काहीतरी कोसळतं. त्यात भंगारवाल्यांनी इंजिनरूम सुरुंग लावून फोडल्यात. मुख्यतः तांब्या-पितळेसारख्या महागड्या धातूंसाठी, पण पोलादालाही भाव होता. त्याचं कारण मोठं गमतीशीर आहे, अणुबाँबच्या आधी बनलेलं पोलाद किरणोत्सर्गापासून स्वच्छ असतं, नाजूक मोजमापाच्या उपकरणांना तेच हवं असायचं. त्यामुळे बाहेरून मोठमोठी भगदाडं दिसतात, आत टॉर्च मारला की भुयार दिसतं, आणि पाय आपोआप तिकडे वळतात. आत बारीक गाळ आहे, फिनचा एक फटका मारला की स्वतःचा हात दिसत नाही, आणि जहाज आडवं असल्याने दार कुठे होतं याचा अंदाज लागत नाही. दोर लावून, हवेचा एक तृतीयांश नियम (एक भाग जायला, एक यायला, एक राखीव) पाळून आत जाणारे लोक आहेत, त्यासाठी वेगळं शिक्षण असतं, मी ते घेतलंय आणि तरी स्कापात सहा खेपांत दोनदाच आत गेलो. भगदाडाच्या तोंडाशी थांबून टॉर्च मारा, तेवढ्यात भरपूर दिसतं. आणि एचएमएस रॉयल ओकवर डाइव्ह करता येईल का असं कोणाला विचारू नका. १४ ऑक्टोबर १९३९ ला जर्मन पाणबुडीने ती इथेच बुडवली, आठशेहून जास्त माणसं गेली, ती युद्धसमाधी आहे, तिथे उतरायला बंदी आहे. स्किपर बाजूने बोट नेईल तेव्हा मनातल्या मनात हात जोडायचे.

तब्येतीचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण चाळिशीच्या पुढे असाल किंवा बीपीची गोळी चालू असेल तर डाइव्हिंग जाणणाऱ्या डॉक्टरला आधी भेटा. मी डॉक्टर नाही, पण थंड पाण्यात इमर्शन पल्मनरी इडिमा नावाचा प्रकार होतो. गारठ्याने हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त छातीकडे ढकललं जातं आणि शरीरातलंच पाणी फुप्फुसात उतरतं. धाप, खोकला, छातीत बुडबुडल्यासारखं. लोक ‘फिटनेस कमी पडतोय’ म्हणून पोहत राहतात. असं वाटलं तर डाइव्ह संपवून वर, पाण्याबाहेर, ऑक्सिजन, दुसरा विचार नाही. आणि पाणी पीत जा. थंडीत लघवीला जास्त होते, लोक ड्रायसूटच्या भीतीने सकाळपासून पाणी पीत नाहीत, आणि कोरड्या अंगाने डीकम्प्रेशनचा धोका वाढवून घेतात. पी-व्हॉल्व्ह (सूटमधून लघवी बाहेर सोडायची नळी) बसवा नाहीतर सरळ मोठ्या माणसांचे डायपर वापरा. बोटीवर सगळेच वापरतात, कोणी हसत नाही.

मग जूनच्या जागेचं काय? मित्राला सांगा, या वेळी नको. आता ड्रायसूटचा कोर्स, उन्हाळाभर दर पंधरवड्याला लॉक लाँग, मध्ये एक नायट्रॉक्स. ऑगस्टच्या सुमारास ओबान, तिथून साऊंड ऑफ मलमध्ये हिस्पानिया आणि ओबानजवळच्या आर्डमकनिश बेमध्ये ब्रेडा, ही दोन बुडालेली जहाजं पंचवीस-तीस मीटरवर आहेत. हिस्पानियाला प्रवाह असतो, भरती-ओहोटी थांबते त्या वेळेतच उतरावं लागतं, तेही शिकणं होईल. ते दोन डाइव्ह कंटाळवाणे वाटले, म्हणजे घबराट न होता पार पडले, तर सप्टेंबरची स्कापाची जागा शोधा, पाणीही तेव्हा तीन डिग्री गरम. नाही वाटले तर पुढचं वर्ष आहेच. हे वाचून तुम्हाला माझा राग आला असेल आणि तरी जूनलाच जायचं असेल, तर निदान स्किपरला फोन करून खरा अनुभव सांगा, ड्रायसूटमध्ये शून्य डाइव्ह आहेत हे लपवू नका, आणि बॅरियर्स, एफ२, कार्ल्सरुहची वरची बाजू एवढ्यावर समाधान माना. बरेच स्किपर मग तशी सोय करतात. काही नाही म्हणतील, त्यांचं बरोबर आहे.

जेवणाचं. बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा, मिळतं. सकाळी अंडी चालत असतील तर प्रश्नच नाही, नसतील तर बीन्स, मशरूम, टोस्ट. दुपारी सूप असतं पण त्यात चिकनचा स्टॉक आहे का ते विचारायचं, त्यांना तो मांसाहार वाटत नाही. संध्याकाळी पास्ता, बटाटे, कधी कधी ‘करी’ नावाचं एक पिवळं प्रकरण. मी लसणाची चटणी आणि आंब्याचं लोणचं नेतो. गेल्या वेळी तिसऱ्या दिवशी माझी बाटली रिकामी झाली, कारण स्किपर ते बटाट्यावर घालून खात होता. दोन न्या.